नाटकातला दारुडा, गटारातला बाप

2011 साली आमच्या कॉलेजच्या एनएसएस युनिटनं आमची वस्ती दत्तक घेतली. दत्तक! आमचे आईबाप जिवंत होते, पहाटे पाचला उठून चौकीवर हजेरी लावत होते, आणि आम्हाला मांडीवर घ्यायला निघाले होते टाय लावलेले प्राचार्य. वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर प्राचार्यांचा फोटो मोठा, नगरसेवकाचा त्याहून मोठा, आणि खाली बारीक अक्षरात 'व्यसनमुक्ती जनजागृती अभियान'.

पथनाट्य बसलं. डॉक्टर झाला पार्ल्याचा एक गोरा पोरगा. समाजसेविका झाली दादरची एक मुलगी. दारुडा कोण? सरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं बघितलं आणि बोट माझ्याकडं केलं. "तू कर. तुला जमेल."

तुला जमेल. दोस्तांनो, हे दोन शब्द मी अजून पचवतोय. तोवर मी बियरची बाटली हुंगलीही नव्हती. पण सरांना माझा पत्ता माहीत होता, तेवढं पुरलं.

नाटक रविवारी झालं, सार्वजनिक संडासासमोरच्या मोकळ्या जागेत. डफली वाजली, पोरं गोळा झाली. मी झोकांड्या खाल्ल्या, बायकोला मारलं, पोराची फी पिऊन टाकली आणि शेवटी गटाराच्या कडेला पालथा पडलो. वस्ती खदाखदा हसली. मग डॉक्टरनं लिव्हरचं चित्र दाखवलं. समाजसेविका रडत-रडत म्हणाली, "योग्य निवड तुमच्याच हातात आहे." (ती खरंच रडत होती. पोरगी मनानं चांगली होती. तिच्या चांगुलपणाशी माझं भांडण नाही.) मग सगळ्यांनी हात पुढं करून प्रतिज्ञा घेतली. चाळीस मिनिटांत वस्ती व्यसनमुक्त! सरांनी फोटो काढले, वहीत लाभार्थ्यांचा आकडा टाकला, टेम्पोत बसून सगळे गेले. मी कुठं जाणार? मी तिथलाच.

माझा बाप गर्दीत मागं उभा होता. ड्युटीवरून आलेला, दोनदा साबण लावून अंघोळ केलेला, तरी वास न गेलेला. ठेकेदाराच्या टोळीत तो गटारात उतरायचा. रात्री जेवताना म्हणाला, "पडतो कसा ते झ्याक दाखवलंस. पितो कशापायी ते न्हाई दाखवलं."

चुलीपाशी बसलेली आई वर न बघता म्हणाली, "कशापायी बी पीत असंल. मार मी खाल्लाय."

दोघंही खरं बोलत होते. त्या रात्रीपासून मी हा लेख लिहितोय असं समजा.

बाप त्या रात्री पहिल्यांदा कामाबद्दल बोलला. झाकण उघडलं की पहिला वास थेट डोक्यात जातो. शुद्धीतला माणूस त्यात पाय घालत नाही. मुकादमाला हे ठाऊक असतं. म्हणून मुकादमच खिशातून नोट काढतो आणि म्हणतो, जा, नव्वद मारून ये. नव्वद पोटात गेली की माणूस उतरतो. कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक वर उभ्या असलेल्या, तसाच नव्वद मारलेल्या जोडीदाराच्या हातात. संध्याकाळी अंगाचा वास स्वतःलाच सहन होत नाही, म्हणून आणखी एक नव्वद. ती मात्र स्वतःच्या पैशानं, म्हणजे आईच्या पैशानं.

आता निवडीचं बोला. बाप दारूला नाही म्हणाला तर उतरू शकत नाही. उतरायला नाही म्हणाला तर खाडा. दोन-चार खाडे पडले की टोळीतून नाव कट, आणि त्याच्या जागी आपल्याच गल्लीतला दुसरा. ही निवड आहे? निवड करणारे दुसरे आहेत. गाडी-मशीन न आणता माणूस आणला, ही ठेकेदाराची निवड. त्याच्या बिलावर डोळे मिटून सही केली, ही इंजिनिअरची निवड. सगळ्यात स्वस्त टेंडर उचललं, ही वरच्यांची निवड. या सगळ्यांनी निवड केली आणि तिचा वास आला माझ्या बापाच्या अंगाला. पण प्रतिज्ञेसाठी हात पुढं करायला लावला तो बापाला. ठेकेदाराच्या बंगल्यासमोर आमची डफली कधी वाजली नाही.

आणि जनजागृती म्हणजे काय हो? पहाटे पाचला उठणाऱ्याला साडेआठला उठणाऱ्यांनी जागं करायचं?

एनएसएस सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला. गांधींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. 37 विद्यापीठं आणि 40,000 विद्यार्थी. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. दोन वर्षांत 240 तास सेवा, सात दिवसांचं शिबिर, छातीवर कोणार्कच्या रथचक्राचा बिल्ला. ब्रीदाचा अर्थ, मी नव्हे तर तुम्ही. वाचायला किती गोड! पण गटाराच्या झाकणापाशी उभं राहून हेच ब्रीद मोठ्यानं म्हणून बघा. मी नव्हे, तुम्ही. आत उतरा तुम्ही. गेल्या हजार वर्षांत या देशानं आम्हाला दुसरं काय सांगितलंय?

जागृतीच करायची होती तर सांगण्यासारखं होतं ना. गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की तो नाकाची वास घ्यायची ताकदच मारून टाकतो. म्हणजे वास यायचा थांबला तर माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली. झालेलं असतं उलटं. वायू आणखी वाढला की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. वरचा जोडीदार त्याला काढायला उडी मारतो, तोही कोसळतो. म्हणून पेपरात अशा बातम्या पुष्कळदा दोघांच्या-तिघांच्या असतात. हे मला कुणी सांगितलं? एनएसएसनं नाही. 240 तासांत एक मिनिट कुणाला यासाठी सापडलं नाही. लिव्हरचं चित्र रंगीत होतं. फुप्फुसाचं काढलंच नव्हतं.

कायदा? कायदे आहेत की. 1993 चा एक आहे. 2013 चा दुसरा आहे, त्यात गटारं आणि सेप्टिक टँकही आले. तो अमलात कधी आला माहीत आहे? 6 डिसेंबर 2013. चैत्यभूमीवर लाखो लोक रांगेत उभे होते त्या दिवशी. सरकारला तारखा निवडता येतात बरोबर. 2014 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 10 लाख द्या. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. मधल्या काळात, डिसेंबर 2019 मध्ये, गोवंडीत एका खाजगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघं मेले. त्यांच्या विधवांना 10-10 लाखांसाठी मुंबई हायकोर्टाची पायरी चढावी लागली आणि आदेश निघायला 2021 उजाडलं. नवरे गेल्यावर कोर्ट कुठं आहे ते शोधायची जागृती त्या बायांनी स्वतःच केली. पथनाट्य बघून नव्हे.

कुणी म्हणेल, गटाराचं ठीक आहे, पण दारूचं काय? दारू तर तुम्हीच पिता.

पितो. मी दारूची वकिली करत नाही. आईच्या कपाळावर टाके आहेत, तिच्यासमोर दारूचं तत्त्वज्ञान सांगायची माझी हिंमत नाही. आपल्यातली काही पोरं दारूलाच बंडखोरी समजतात, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं लोळतात. त्यांना मी बापाची बाजू ऐकवणार नाही, आईचीच ऐकवीन. पण हिशोब पुरा मांडा. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. त्याआधी 2004 मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. मालवणीतली माणसं दारूनं नाही मेली, मिथेनॉलनं मेली. कारखान्यात लागणारं रसायन ते. प्लास्टिकच्या पिशवीत भरलं की दिसायला दारूसारखंच, आणि पिणाऱ्याला जिभेवर फरक कळत नाही. ते पिंपातून गुत्त्यापर्यंत आलं कुणाच्या डोळ्यांदेखत? आमच्या डोळ्यांदेखत नाही, आम्हाला पिंप कधी दिसलंच नाही. आणि 'सुरक्षित निवड' करा म्हणून सांगता? दहा रुपयेवाल्याला कुठली बाटली सुरक्षित ते कोण तपासून देणार?

बायांनी तर निवड करून दाखवली. 2008 साली सरकारनं नियम केला, दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान घ्या. उभी बाटली की आडवी बाटली. ऐकायला लोकशाही. पण दुकान उघडताना कुणाचं मतदान घेतलं होतं? ऑफिसातल्या एका टेबलावर लायसन्स निघतं. बंद करताना मात्र यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, असा तो नियम होता. कामावर गेलेली बाई, गावाला गेलेली बाई, मेलेली पण यादीत राहिलेली बाई, सगळ्यांची मतं न मागता उभ्या बाटलीच्या खात्यात. तरी कितीतरी गावांत बायांनी बाटली आडवी केली. त्यांना लिव्हरचं चित्र कुणी दाखवलं नव्हतं.

1 डिसेंबरला रेड रिबन क्लबची रॅली निघते. 'सुरक्षित राहा'चे बोर्ड, पांढरे टीशर्ट. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला 1986 साली, मद्रासमध्ये, वेश्यांच्या रक्तात. तेव्हापासून वेश्या म्हणजे रोगाचं घर असंच सगळ्यांनी धरून चाललं. निरोध वापरा म्हणून त्यांना सांगायला जो तो निघाला. जणू त्या बायांना जगायचंच नव्हतं! अहो, निरोध वापरायचा नाही असं गिऱ्हाईक म्हणत होतं, पैसा गिऱ्हाइकाकडं होता, काठी पोलिसाकडं होती, कर्ज घरवालीचं होतं.

हे ओळखलं कुणी? आपल्या सांगलीत ओळखलं. 'संग्राम' संस्थेचं काम तिथं 1992 ला सुरू झालं आणि 1996 ला त्या बायांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. नाव बघा. रोग मुक्ती नाही, अन्याय मुक्ती. सांगली-निपाणीच्या त्या पट्ट्यातल्या कितीतरी जणी देवदासी म्हणून सोडलेल्या, आपल्याच जातींतल्या लेकी. निरोध वाटणार त्याच, गुंडाला जाब विचारणार त्याच, पोलीस ठाण्यात जाऊन बसणार त्याच. कलकत्त्याच्या सोनागाचीतही हेच. 1992 मध्ये डॉक्टर स्मरजित जाना तिथं रोग मोजायला गेले, आणि बायांचं ऐकून घेऊन त्यांनी कामाची दिशाच बदलली. 1995 ला दुर्बार ही बायांची समिती झाली, त्याच साली उषा नावाची त्यांची सहकारी पतपेढी. आता तुम्ही म्हणाल, एड्सचा आणि पतपेढीचा काय संबंध? सावकाराचं कर्ज डोक्यावर असलेली बाई गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही. गाठीला चार पैसे असलेली म्हणू शकते. आणि तिनं हाकललेल्या गिऱ्हाइकाला शेजारणीनं दार उघडायचं नाही, एवढी एकी गल्लीत असेल तर गिऱ्हाईक मुकाट निरोध वापरतं. सुरक्षित निवड अशी तयार होते, पोरांनो. पतपेढीत, संघटनेत, पोलीस ठाण्याच्या बाकावर.

युनियनमध्येही होते. मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणारे 2,700 कंत्राटी कामगार कचरा वाहतूक श्रमिक संघानं कोर्टात लढून कायम करून घेतले. 2017 ला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. कायम कामगार आजारी पडला तर घरी झोपू शकतो. कंत्राटी आजारी पडला तर औषधाआधी बदली शोधतो. कुठल्या क्लबनं 'आरोग्य जागृती सप्ताहा'त हे सांगितलं?

कॉलेजच्या आतलंही बोलून टाकू. आता मानसिक आरोग्याचे क्लब निघालेत. भिंतीवर पिवळे कागद. बोला, मोकळे व्हा, मदत मागा, योग्य पाऊल निवडा. डॉक्टर पायल तडवी 22 मे 2019 ला मुंबईत गेली. आदिवासी पोरगी, एमडीला शिकत होती. त्रासाबद्दल आधीच सांगितलं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. म्हणजे बोलली होती. ऐकणारे कुठं होते? तिची आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून 2019 ला सुप्रीम कोर्टात गेल्या. 2012 साली भेदभाव रोखायचे यूजीसीचे नियम निघाले होते, ते नीट पाळले जात नाहीत म्हणून. दोन आयांना ते नियम शोधून काढावे लागले. कॉलेजच्या भिंतीवर पिवळ्या कागदाला जागा असते, त्या नियमांच्या एका पानाला नसते.

तर मग क्लब सोडा म्हणू? नाही. आपली बरीच पोरं तशीच करतात. दहा ग्रेस मार्कांसाठी जातात, झाडू हातात घेऊन फोटो काढतात, आणि बाहेर येऊन 'साले बामणी चोचले' म्हणतात. हे ढोंग आहे, आणि ते मीही केलंय. दहा मार्क माझ्याही मार्कशीटवर आहेत. डफली आपल्या हातात आलीच आहे तर ती ठेवायची कशाला? फक्त तोंड कुणाकडं करून वाजवायची, ते बघा.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याला आणि वस्तीतल्या तिघांना त्यांच्या कॉलेजच्या क्लबनं विषय दिला, 'सुरक्षित निवड'. कॉलेज दुसरं, फ्लेक्स तोच. पोरांनी स्वतः नाटक लिहिलं. दारुडा नाही. पात्रं तीन: सोसायटीचा सेक्रेटरी, ठेकेदार, मुकादम. सेक्रेटरीचं पहिलंच वाक्य, "मशीनला किती? आणि माणसाला किती?" बाकी सगळं नाटक त्या दोन आकड्यांची घासाघीस. चौथा माणूस दिसत नाही, फक्त झाकण दिसतं. आणि जागा? रस्त्यापलीकडच्या टॉवरचं गेट.

वॉचमन आपलाच. त्यानं दांडा वर केला आणि पाठ फिरवून उभा राहिला. नाटक सुरू झालं तशा वरच्या खिडक्या उघडल्या. खालच्या बाकावरचे म्हातारे आधी टाळ्या वाजवायला सरसावून बसले होते, त्यांचे हात तसेच राहिले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. नाटक संपल्यावर तिनं सेक्रेटरीला, म्हणजे खऱ्याखुऱ्या सेक्रेटरीला, सगळ्यांसमोर विचारलं, "आपला टँक कोण साफ करतं हो?" त्याला उत्तर येत नव्हतं. येत होतं, पण देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पत्र गेलं. सामाजिक सलोखा बिघडवणारा कार्यक्रम. पोरांचे त्या दिवसाचे तास वहीत धरले गेले नाहीत. सर म्हणाले, विषय व्यसनमुक्तीचा होता, तुम्ही भरकटलात. भाचा म्हणाला, सर, आम्ही ठेकेदाराचं व्यसन दाखवलं. (हे उत्तर त्याला तिथं सुचलं की घरी आल्यावर, याबद्दल मला शंका आहे. असो.)

पण त्या टॉवरमध्ये पावसाळ्याआधी टँकसाठी मशीनची गाडी आली. भाजीच्या पिशवीवाल्या बाईनं पावती मागून घेतली, असं वॉचमननं सांगितलं. एक टॉवर. रस्त्यापलीकडं असे अकरा आहेत.

यंदा पोरं तेच नाटक परत बसवतायत. क्लबच्या नावावर नाही, स्वतःच्या. तालीम आमच्या दारात चालते. बाप आता घरीच असतो. चार पावलं चालला की धाप लागते, आणि नव्वद डॉक्टरांनी नाही, धापेनं सोडवली. खाटेवर बसून तो बघत असतो. परवा मुकादमाचं काम करणारा पोरगा झाकणाच्या अगदी तोंडाशी उभा राहून दरडावत होता. बापानं हात वर करून त्याला थांबवलं.

"मुकादम तिथं उभा ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. "लांब. आणखी लांब. वाऱ्याच्या अंगाला. आन् नाकाला रुमाल लाव."